नऊ सेकंदांचा धडा

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ.)



'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हे वाक्य आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. परीक्षेत कमी गुण मिळालेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवत घरातील वडीलधारी मंडळी तेच सांगतात. वाक्य चांगले आहे, पण ते अर्धेच आहे. अपयश आपोआप पायरी होत नाही. डोंगरवाटेवर दगड पुष्कळ पडलेले असतात. त्यातला एखादा उचलून, त्यावर टाकीचे घाव घालून, तो योग्य जागी बसवावा लागतो, तेव्हा त्याची पायरी होते. न घडवलेला दगड वाटेतच राहतो आणि मागून येणाऱ्यालाही त्याचीच ठेच लागते.

दगड घडवण्याचे हे काम कसे चालते आणि ते कशामुळे अडते, हे समजून घ्यायचे तर सहा दशकांपूर्वीच्या एका विस्मृत मोहिमेकडे वळावे लागते. तिचे नाव 'लूना-८'. चंद्रावर उतरलेल्या यानांची नावे आज शाळकरी मुलेही सांगतात. हे यान मात्र उतरू शकले नाही, ते आदळले. म्हणूनच त्याच्याकडे शिकवण्यासारखे बरेच आहे.

मध्यरात्रीनंतरची ती वेळ

३ डिसेंबर १९६५ रोजी कझाकस्तानातील बायकोनूर येथून सोव्हिएत संघाचे हे यान निघाले. त्याचे वजन सुमारे दीड टन होते. त्यातील बहुतांश भाग इंजिन, इंधन आणि दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणांचा होता. प्रत्यक्ष चंद्रावर टेकायचा होता तो केवळ शंभरेक किलोंचा एक गोळा. त्याच्या पोटात कॅमेरा, रेडिओ आणि विजेऱ्या होत्या. तोपर्यंत चंद्रावर माणसाने पाठवलेली याने जाऊन आदळली होती, पण अलगद कोणीही उतरले नव्हते.

अलगद उतरणे कठीण का, हे मुलांनी समजून घेण्यासारखे आहे. चंद्राजवळ पोहोचलेल्या या यानाचा वेग सेकंदाला सुमारे २.६ किलोमीटर होता. पुण्याहून मुंबईला मिनिटाभरात पोहोचवणारा हा वेग. पृथ्वीवर उतरणाऱ्या यानाला वातावरणाचा आधार असतो, हवा त्याला अडवते आणि हवाई छत्री उघडता येते. चंद्रावर हवाच नाही. तेथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे इंजिनाचे तोंड पुढे करून उलट दिशेने जोर लावायचा. हा जोर नेमक्या उंचीवर, नेमक्या दिशेने आणि नेमका तितकाच वेळ लागला पाहिजे. जोर कमी पडला तर यान आदळते. दिशा चुकली तर इंजिन चालूनही उपयोग होत नाही.

योजना अशी होती. चंद्रपृष्ठापासून सुमारे ७५ किलोमीटर उंचीवर रडार इशारा देईल. गोळ्याभोवतीच्या रबरी पिशव्या वायूने फुगतील. मग मुख्य इंजिन सुमारे पाऊण मिनिट चालून वेग जवळजवळ संपवील. अगदी जमिनीलगत, खाली लोंबणारी दांडी चंद्राला टेकताच गोळा बाजूला फेकला जाईल, पिशव्यांच्या आधाराने उसळ्या घेत थांबेल आणि कमळासारख्या चार पाकळ्या उघडून छायाचित्रे धाडू लागेल.

६ डिसेंबरची रात्र संपून मॉस्कोत मध्यरात्र उलटली होती. सर्व काही ठरल्याप्रमाणे चालले होते. पिशव्या फुगवण्याची आज्ञा गेली आणि एका लहानशा आधारपट्टीच्या टोकाने एक पिशवी फाडली. फुगवलेल्या फुग्याचे तोंड सोडून दिल्यावर तो जसा खोलीभर भिरभिरतो, तसे त्या निसटत्या वायूने दीड टनाच्या यानाला गरगर फिरवले. मध्येच क्षणभर यान सावरले, दिशा जुळली आणि इंजिन पेटले. ते चालले फक्त नऊ सेकंद. पुन्हा तोल गेला, इंजिन बंद पडले आणि 'वादळांचा महासागर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चंद्रावरील विस्तीर्ण मैदानात ते यान कोसळले.

पाऊण मिनिट हवे होते, मिळाले नऊ सेकंद. शेकडो अभियंत्यांचे श्रम वाया गेले ते एका पट्टीच्या टोकामुळे. दोष मोठ्या सिद्धान्तात नव्हता. चंद्राचे गणित बरोबर होते, अग्निबाण बरोबर होता. चुकला होता तो तपशील. मोठी कार्ये बहुधा अशीच फसतात.

अकरा घाव

हा काही पहिला आघात नव्हता. चंद्रावर उतरण्यासाठी या पद्धतीचे पहिले यान जानेवारी १९६३ मध्ये सोडले गेले. ते पृथ्वीच्या कक्षेतच अडकले. पुढच्याच महिन्यातले दुसरे यान कक्षेतही पोहोचले नाही. एप्रिल १९६३ मधील 'लूना-४' चंद्राला आठ हजारांहून अधिक किलोमीटरने चुकले. १९६४ मधील दोन्ही प्रयत्न अग्निबाणाच्या दोषाने फसले. १९६५ साल उजाडले, तरी मार्चमधले यान पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर पडले नाही आणि एप्रिलमधले तेवढेही करू शकले नाही. मे महिन्यात 'लूना-५' चंद्रापर्यंत पोहोचले, पण तोल सुटून आदळले. जूनमध्ये 'लूना-६'चे इंजिन मार्ग सुधारण्यासाठी पेटवले, ते वेळेवर बंदच झाले नाही आणि यान चंद्रापासून सुमारे एक लाख साठ हजार किलोमीटर दूरून निघून गेले. ऑक्टोबरमध्ये 'लूना-७' अगदी शेवटच्या टप्प्यात दिशा हरवून बसले. त्यानंतर 'लूना-८'.

तीन वर्षांत अकरा प्रयत्न झाले आणि अकराही फसले. पण ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. सुरुवातीची याने पृथ्वीच्या दारातच अडखळली. मधल्या यानांची वाट चुकली. शेवटची याने चंद्राच्या उंबरठ्यावर जाऊन पडली. काही घाव पुन्हा जुन्याच जागी बसले हे खरे, तरी एकंदरीत प्रत्येक अपयश आधीच्या अपयशाच्या थोडे पुढे जाऊन झाले होते. कार्य पुढे सरकते आहे की जागच्या जागी फिरते आहे, हे ओळखायची खूण हीच. केवळ अपयशांची संख्या मोजून ते कळत नाही.

नाव नसलेला माणूस

या अकरा घावांचा भार ज्याच्या खांद्यावर होता, त्याचे नाव त्या वेळी त्याच्या देशबांधवांनाही ठाऊक नव्हते. वृत्तपत्रांत त्याचा उल्लेख 'मुख्य रचनाकार' एवढाच होत असे. तो माणूस म्हणजे सेर्गेई पावलोविच कोरोलेव. १९५७ मधील जगातील पहिला कृत्रिम उपग्रह 'स्पुटनिक' त्यांच्याच नेतृत्वाखाली गेला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीन यांना अंतराळात नेणारे यानही त्यांच्याच कार्यालयात घडले.

ज्या राजवटीला त्यांनी हे वैभव मिळवून दिले, त्याच राजवटीने १९३८ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना खोट्या आरोपांखाली अटक केली होती. छळ करून कबुलीजबाब घेतला गेला आणि सैबेरियाच्या टोकाला असलेल्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत त्यांना मजुरीला पाठवण्यात आले. तेथील कदान्न आणि थंडीने त्यांचे दात गेले, प्रकृती कायमची खालावली. पुढे कैद्यांच्या अभियांत्रिकी कार्यालयात त्यांची रवानगी झाली आणि १९४४ मध्ये सुटका. आरोप खोटे होते, हे अधिकृतपणे मान्य व्हायला १९५७ साल उजाडावे लागले.

तरीही हा माणूस कडवटपणा उराशी धरून बसला नाही. चंद्राचा पृष्ठभाग कठीण आहे की तेथे यान गिळून टाकील एवढी खोल धूळ आहे, यावर त्या काळी शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होते. त्यामुळे यानाची रचना अडून राहिली होती. तेव्हा पृष्ठभाग पुरेसा कठीण आहे असे धरून चालावे, असा निर्णय कोरोलेव यांनी १९६४ मध्ये स्वतःच्या स्वाक्षरीने लिहून दिला. निर्णय चुकला असता तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता, आणि तो जबाब कोणत्या राजवटीला द्यायचा आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? नेतृत्व म्हणजे काय, याचे हे उदाहरण विचारांचे सर्व मतभेद बाजूला ठेवून नमस्कार करावा असे आहे.

'लूना-८' आदळल्यानंतर ते जेमतेम चाळीस दिवस जगले. १४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव आणि छायाचित्र 'प्रावदा'त छापून आले ते मृत्यूनंतर. प्रसिद्धीपासून दूर राहून काम करण्याचे मोल या सभागृहात बसलेल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. पण येथे एक भेद लक्षात ठेवावा लागेल. स्वेच्छेने स्वीकारलेली प्रसिद्धिपराङ्मुखता हे व्रत आहे. सत्तेने लादलेली अनामिकता हा तुरुंगच आहे, फक्त त्याच्या भिंती दिसत नाहीत.

सतरा दिवसांनी, ३१ जानेवारीला, 'लूना-९' निघाले. यानांचे हे काम तोपर्यंत गेओर्गी बाबाकिन यांच्याकडे सोपवण्यात आले होते. मधल्या काळात पिशवी फाटण्याचे कारण शोधले गेले होते. पिशव्या फुगवण्याची आज्ञा आता इंजिन सुरू झाल्यानंतरच जाणार होती, म्हणजे काही बिघडलेच तरी वेग कमी करण्याचे काम आधी मार्गी लागलेले असेल. उपाय साधा होता, पण त्याची किंमत एका यानाने मोजली होती. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मानवनिर्मित यान प्रथमच चंद्रावर अलगद उतरले आणि तेथील भूमीची छायाचित्रे पृथ्वीवर आली. यान धुळीत बुडाले नाही. कोरोलेव यांचा लेखी निर्णय बरोबर ठरला, पण तो पाहायला ते स्वतः नव्हते. फळ हाती येण्यापूर्वीच कर्त्याने जगाचा निरोप घेतला होता. निष्काम कर्माची शिकवण ज्यांनी ऐकलीही नसेल, अशा माणसांच्या जीवनातही ती अशी प्रकटते.

झाकलेले अपयश

आता नाण्याची दुसरी बाजू. अकरा अपयशांपैकी किती सोव्हिएत जनतेला कळली? अग्निबाणासह नष्ट झालेल्या यानांची वाच्यताच झाली नाही. मार्च १९६५ मध्ये कक्षेत अडकलेल्या यानाला 'कॉसमॉस-६०' असे निरुपद्रवी नाव देऊन टाकले, जणू ते चंद्राकडे निघालेच नव्हते. 'लूना-८' विषयीच्या सरकारी निवेदनाचा आशय असा होता की, अंतिम टप्पा वगळता सर्व यंत्रणांनी नीट काम केले. उतरण्यासाठीच निघालेल्या यानाचा उतरण्याचा टप्पा वगळला, तर मग उरते काय?

अभियंत्यांच्या बंद खोलीत मात्र सत्य बोलले जात होते. तेथे चौकशी होई, दोष सापडे, दुरुस्ती होई. 'लूना-९'चे यश त्या बंद खोलीतील प्रामाणिकपणाचे फळ आहे. परंतु सारी व्यवस्था लपवण्याच्या सवयीवर उभी असेल, तर ती सवय हळूहळू त्या खोलीतही शिरते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्या प्रकारच्या भट्टीच्या नियंत्रक दांड्यांमधील घातक दोष १९८३ मध्येच लिथुआनियातील इग्नालिना येथे लक्षात आला होता. पण चेर्नोबिलच्या चालकांना त्याचे गांभीर्य कोणी समजावले नव्हते. एका ठिकाणची ठेच दुसऱ्या ठिकाणी सांगितली गेली नाही, म्हणून दुसरा माणूस दरीत कोसळला. साम्यवादी राजवटीच्या पतनाची आर्थिक कारणे पुष्कळ सांगितली जातात. स्वतःशीच खोटे बोलण्याची सवय हे कारण त्यांत वरच्या स्थानी असावयास हवे.

त्याच काळात अमेरिकेची 'रेंजर' याने एकामागून एक फसत होती. सहावे यान फेब्रुवारी १९६४ मध्ये चंद्रावर ठरल्या जागी आदळले, पण कॅमेरे सुरूच झाले नाहीत. त्यावर तेथील संसदेत जाहीर चौकशी झाली, शास्त्रज्ञांना अवघड प्रश्न विचारले गेले. जुलैमध्ये सातव्या यानाने हजारो छायाचित्रे पाठवली. उघड्यावर झालेली नामुष्की कडू असते खरी, पण ती औषधासारखी उतरते.

आपला मार्ग

भारताने या बाबतीत कोणता मार्ग धरला? १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला आपला पहिला उपग्रहवाहक अग्निबाण, एसएलव्ही-३, काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. पण पत्रकारांना सामोरे गेले ते संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला, तेव्हा धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केले. डॉ. कलाम ही आठवण जन्मभर सांगत राहिले. अपयशात पुढे उभा राहणारा आणि यशात मागे सरकणारा ज्येष्ठ ज्या संस्थेला लाभतो, तेथील तरुण सत्य सांगायला घाबरत नाही.

७ सप्टेंबर २०१९ ची ती पहाट येथे बसलेल्या अनेकांनी जागून काढली असेल. 'विक्रम' चंद्रापासून दोन किलोमीटरच्या आसपास असताना संपर्क तुटला. पडद्यावरील रेषा ठरलेल्या मार्गावरून घसरताना साऱ्या देशाने पाहिली. काहीही झाकता येण्यासारखे नव्हते आणि कोणी झाकूही पाहिले नाही. सकाळी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी इस्रोचे अध्यक्ष के. शिवन यांना जवळ घेतले, तेव्हा घरोघरी डोळे पाणावले. यान कसे पडले याची संक्षिप्त माहिती संसदेत दिली गेली. सविस्तर अहवाल मात्र जनतेसमोर आला नाही, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. आपल्याही घरातील उणीव दाखवणे हा राष्ट्रभक्तीचाच भाग आहे.

पुढे २०२३ मध्ये इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी कारणे मोकळेपणाने मांडली. पाच इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक पडला, चुका साठत गेल्या, त्या सुधारण्यासाठी यानाला जितक्या वेगाने वळणे आवश्यक होते तितके वळण्याची मुभा त्याच्या प्रणालीत नव्हती. शिवाय उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर लांबीरुंदीची होती. म्हणून 'चांद्रयान-३' आखताना काय काय बिघडू शकते याचा विचार आधी झाला. पाय बळकट केले, इंधन वाढवले, वेग मोजणारे नवे लेसर उपकरण बसवले आणि उतरण्यासाठी चार किलोमीटर लांब व सुमारे अडीच किलोमीटर रुंद क्षेत्र निश्चित केले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरणारा पहिला देश भारत ठरला. 'चांद्रयान-२' जेथे कोसळले त्या जागेला आपण 'तिरंगा' हे नाव दिले. अपयशाच्या जागेवर राष्ट्रध्वजाचे नाव कोरणारा देश अपयश लपवत नाही. तो ते अभिमानाने आपल्या इतिहासात नोंदवतो.

दुर्दैवाचा भाग असा की, या यशाच्या चारच दिवस आधी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, रशियाचे 'लूना-२५' चंद्रावर कोसळले. त्याचे इंजिन ८४ सेकंद चालायचे ते १२७ सेकंद चालले. 'लूना-६'प्रमाणेच वेळेवर बंद न झालेले इंजिन! १९७६ मधील 'लूना-२४' नंतर त्या देशाचे एकही यान चंद्राकडे गेले नव्हते. सत्तेचाळीस वर्षांत कोरोलेव आणि बाबाकिन यांच्या हाताखाली शिकलेली पिढी निवृत्त झाली, निवर्तली. कागद उरले, पण हाताला आलेले ज्ञान शिष्याकडे पोहोचले नाही. ज्येष्ठांनी आपल्या चुकांसकट आपला अनुभव तरुणांच्या हाती देणे, हे आपल्या गुरुपरंपरेचे मर्म आहे. ती साखळी तुटली की देशाला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

घर आणि कार्य

हा विषय शास्त्रज्ञांपुरता नाही. आपल्या घरी मुलगा कमी गुणांची पत्रिका दप्तराच्या तळाशी दडवतो, तेव्हा तो एका छोट्या 'कॉसमॉस-६०'चीच निर्मिती करत असतो. त्याने ती का दडवली, याचे उत्तर बहुधा त्याच्यापेक्षा आई-वडिलांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. अपयश सांगितल्यावर घर अंगावर येणार नाही, हा विश्वास मुलाला मिळाला तर पुढचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे त्याच्या शेजारी बसून उत्तरपत्रिका उघडणे आणि नेमके कोठे चुकले हे पाहणे. केवळ पाठीवर हात फिरवून गणित सुटत नाही.

कार्यकर्त्यांच्या बैठकीतही तेच आहे. उपक्रम फसल्यावर 'अंतिम टप्पा वगळता सर्व व्यवस्थित झाले' असे वृत्त देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. उपस्थिती कमी होती, संपर्क झाला नव्हता, वेळ चुकीची निवडली होती, हे स्पष्ट शब्दांत मांडणारा कार्यकर्ता कार्याची हानी करत नाही. तो पुढच्या वर्षीचे अपयश टाळत असतो. आणि असे वृत्त ऐकताना प्रमुखाने प्रा. धवन आठवावेत.

वादळांच्या महासागरात 'लूना-८' चे अवशेष आजही पडून आहेत. एका पट्टीच्या टोकाने फाटलेली पिशवी आणि नऊ सेकंद चाललेले इंजिन, एवढीच त्याची कहाणी. पण त्या नऊ सेकंदांचा हिशेब कोणीतरी प्रामाणिकपणे मांडला, म्हणून दोन महिन्यांच्या आत माणसाचे यान चंद्रावर अलगद टेकले. आपापल्या घरातले, कार्यातले आणि राष्ट्रजीवनातले असे नऊ सेकंद शोधण्याचे धैर्य आपणा सर्वांना लाभो.

भारतमाता की जय!